एका शब्दापुरता आवाज

मायक्रोफोनच्या काळ्या स्पंजावर लालसर डाग होता — नखभर, एका बाजूला... धाकट्या बहिणीच्या, निल्झाच्या लिपस्टिकचा. बोलताना ती माइक जवळजवळ ओठांतच घ्यायची. ती गेल्यावर तिचं सगळं आवरून झालं होतं, कपडे वाटून झाले होते, आणि हा डाग मात्र मिंदेलोच्या इस्पितळातल्या या कोंदट खोलीत तसाच, कुणी पुसलाच नाही, पुसणार तरी कोण — असं मनात येताच आर्लिंदाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"ताई, एकच शब्द," अदेरितो म्हणाला. ध्वनिमुद्रण तेव्हाही तोच करायचा. "ब्राझीलच्या नर्सबाईंनी पुन्हा विचारलंय. म्हणतात, बाळाला बद्धकोष्ठ झालं तर छातीला कान कशाला लावायचा?"

तो हसला. तीही हसली, कारण निल्झा असती तर पोट धरधरून हसली असती. पोर्तुगीज बोलणाऱ्या साऱ्या देशांतल्या नर्सेससाठी धाकटीने हे धडे बोलून ठेवले होते; मापुतो, बिसाव, लिस्बन, सगळीकडे ते ऐकतात. पण भाषा एक असली म्हणून काय झालं... आपल्या बेटांवर कोंश्तिपादो म्हणजे सर्दी झालेला, तिकडे ब्राझीलला पोट अडलेला. आणि प्रश्न बाळाच्या श्वासाचा, तिथे थट्टा नको. शब्द बदलायलाच हवा होता. दोघी बहिणींचे आवाज इतके सारखे, की फोनवर आईसुद्धा फसायची.

अदेरितोने वाक्य लावलं. 'नुसता कोंश्तिपादो आहे म्हणून बाळाला घरी धाडू नका...' निल्झा म्हणाली. ठणठणीत, जराशी दटावणारी. आणि आर्लिंदाला तोच शब्द दुसरीकडून ऐकू आला — फोनवर, खोकल्यातून — नुसती कोंश्तिपादा आहे गं ताई, उगाच धावत येऊ नकोस... त्या सर्दीतच ती गेली. दिव्याखालीच अंधार! जगाला शिकवलंस, आणि तुझ्या छातीला कान लावायला कुणाला जवळ येऊ दिलं नाहीस. मला तुझा राग येतो, निल्झा. अजून येतो. तुझा तो शेवटचा शब्द, आणि तोच आज मी माझ्या तोंडाने पुसायचा?

"म्हणा, ताई."

ती माइकजवळ झाली. त्या डागाला काही वास... नाही, नुसता स्पंजाचाच.

"रेस्फ्रियादो," ती म्हणाली. सर्दी झालेला; या शब्दाचा अर्थ सगळीकडे एकच.

अदेरितोने जोडून ऐकवलं. वाक्य सलग निघून गेलं, मध्ये श्वाससुद्धा अडखळला नाही. "सांधा मलाच सापडत नाहीये बघा," तो खुशीत म्हणाला. आर्लिंदा आपला शब्द शोधत राहिली. तो तिचा नव्हता. तिथेही निल्झाच बोलत होती.

बाहेर वारा सुटला होता, तोंडावर धूळ येत होती. तिला शिंक आली, मग आणखी एक. डोक्यावर टोपली घेतलेली ओळखीची मासेवाली थबकली.

"काय गं, कोंश्तिपादा झालीस की काय?"

नाही गं, नुसती... उत्तर ओठांशी आलं. पण ते कुणाच्या आवाजात बाहेर पडेल या भीतीने आर्लिंदा तोंडावर हात धरून तशीच उभी राहिली.