पंधरा वेळा सुगंधा

“हे परत भांडले,” असं म्हणत नंदानं सात नंबरच्या मॉनिटरला टपली मारली.

स्क्रीनवर लाल अक्षरं खाली खाली पळत होती. फिजिक्सच्या प्रोग्रामला आकडेमोडीची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, लागायची, तीही जुनीच. स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रामला तीच लायब्ररी लागायची, पण नवी. जुनी घातली की स्टॅटिस्टिक्स आडवं व्हायचं, नवी घातली की फिजिक्स. मरोळच्या या कॉलेजात नंदा बावीस वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळत होती. एवढ्या वर्षांत सॉफ्टवेअरं बदलली, तिचा उपाय तोच राहिला. सगळं उडवायचं, सगळं परत टाकायचं, आणि मशीन बंद करून चालू करायचं.

समोरच्या रांगेत सुगंधा पंधराही मशिनं बंद करून पर्सची चेन लावत होती.

“झालं तुझं?” नंदानं विचारलं.

“कधीच. तुझं गं?”

“होतंय.”

“सकाळपासून होतंयच म्हणतेस.”

नंदा हसली. दात दिसले, एवढंच.

सुगंधा जूनपर्यंत केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होती. चोवीस वर्षं तिनं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. ती लॅब बंद झाली म्हणून तिला इथे पाठवलं, तेव्हा नंदानंच तिला माउस धरायला शिकवलं होतं. आता पोरं दारातूनच ओरडायची, “सुगंधाताई, जरा या ना!” चहावाला पहिला ग्लास तिच्यासमोर ठेवायचा. दुपारी तिच्या बांगड्याच्या तिखल्यात अर्धा स्टाफ पोळी बुडवायचा. नंदानंही एकदा बुडवली होती. तिखलं भन्नाट होतं. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

त्यात विभागप्रमुख सुबोध सरांनी परवा जाहीर केलं होतं, “एका लॅबला दोन माणसं परवडत नाहीत. मशिनं पंधरा-पंधरा वाटून घ्या. प्रॅक्टिकलला जिची रांग नीट चालेल, तिच्याकडे लॅबची चावी. दुसरीला तळघरात जिमखान्याचं स्टोअर.”

चावी बावीस वर्षं नंदाच्या कमरेला होती. आंघोळीपुरती काय ती निघायची.

“तू कसं केलंस गं?” तिनं शेवटी विचारलंच.

“काय नाय. आमच्याकडे आम्ल नि अल्कली एका कपाटात ठेवत नाय ना? मग ह्यांना तरी एकत्र कशाला? फिजिक्सला वेगळा डबा, त्यात जुनी लायब्ररी. स्टॅटला वेगळा डबा, त्यात नवी. वर चिठ्ठी. भांडण नाय नि काय नाय.” सुगंधानं घड्याळ बघितलं. “तुला करून देऊ काय? बोरिवलीची बस चुकली तर चुकली.”

“नको. मला येतं.”

सुगंधा गेली. नंदा खिडकीतून बघत राहिली. सुगंधा फाटकाबाहेर पडली, रिक्षामागे दिसेनाशी झाली, आणि नंदानं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.

चोरी फार सोपी निघाली. सुगंधाच्या रांगेतलं एक मशीन तिनं चालू केलं, त्यावर ‘sugandha’ नावाचं एक फोल्डर होतं, त्यात दोन्ही डबे. नंदानं ते उचललं आणि सात नंबरवर टाकलं. फिजिक्स चालू. स्टॅटिस्टिक्स चालू. झकास! तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. अंबादासचं साकीनाक्याला लेथचं छोटं वर्कशॉप होतं.

“निघालीस काय?”

“थांब रे, काम चालूय.”

“आवाजात खुशी आहे. बोनस मिळाला काय?”

“त्याच्यापेक्षा भारी.”

सहा वाजेपर्यंत पंधराही मशिनं तयार झाली. नंदानं रांगेतून एक चक्कर मारली आणि मधेच थांबली. माझ्या मशीनवर हिचं नाव? बावीस वर्षं धूळ मी पुसली, उंदरानं वायर कुरतडली तेव्हा टेबलाखाली मी शिरले, आणि नाव हिचं?

फोल्डरवर क्लिक. नाव बदला. ‘nanda’. एंटर.

असं पंधरा वेळा. प्रत्येक एंटरला ती बटण जरा जास्तच जोरात दाबत होती. नाव बदलल्यावर परत चालवून बघावं, असं काही तिच्या मनात आलं नाही. नाव बदलल्यानं काय होतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकलला ट्रॉम्बेहून परीक्षक आले. सुगंधाच्या रांगेतली मुलं आलेख काढायला लागली. नंदाच्या रांगेत पंधरा स्क्रीनवर एकच निरोप उमटला. मशिनं ‘sugandha’ शोधत होती आणि ती त्यांना सापडत नव्हती.

“नंदाताई,” पहिल्या बाकावरची जान्हवी म्हणाली, “हे सुगंधाताईंना बोलवतंय.”

“माझं पण!”

“माझं पण सुगंधा-सुगंधाच करतंय!”

मुलं खिदळायला लागली. परीक्षकांनी चष्मा वर केला. सुबोध सर लगबगीनं आले. “सुगंधाताई, तुमचं नाव या रांगेत कसं काय?”

नंदाचे कान तापले. हात आपोआप कमरेच्या चावीवर गेला.

सुगंधा आली. वाकून तिनं स्क्रीन वाचली, आतलं फोल्डर उघडलं, ‘nanda’ बघितलं. मग नंदाकडे बघितलं. फार नाही, तिखल्यात मीठ बरोबर आहे का बघतात तेवढंच.

“नाव बदललंस?” ती हळूच म्हणाली.

“हो.”

“डबा बनतो तेव्हा आपला पत्ता आत लिहून ठेवतो गं. बाहेरची पाटी बदलली की त्याला स्वतःचंच घर गावत नाय.”

“मग आता?”

“परत टाक.”

“काय?”

“माझं नाव.” मग मोठ्यानं, “सर, आम्ही दोघींनी मिळूनच केलंय. शेवटची एक पायरी राहिली. दहा मिनटं द्या.”

आणि हेच नंदाला सहन होईना. चोरटी म्हणाली असती तर तोंड उघडता आलं असतं. झिंज्या धरता आल्या असत्या. बयेनं भांडायलासुद्धा काही ठेवलं नाही.

“मी करू अर्धी?” सुगंधानं विचारलं.

“नको. माझी रांग आहे.”

नंदा पहिल्या मशीनवर वाकली. मुलं खुर्ची सरकवून जागा देत होती. s, u, g, a, n, d, h, a. एंटर. दुसरं. तिसऱ्यावर घाईत एक अक्षर खाल्लं, तर ते चालेना. पूर्ण नाव घेतल्याशिवाय मशीन ऐकायला तयार नव्हतं. आठव्यापर्यंत दात ओठावर होते. बाराव्यापासून बोटं आपली आपणच चालायला लागली. पंधरावं झालं तेव्हा लॅबमध्ये तीस आलेख निघत होते.

परीक्षकांनी वहीत शेरा लिहिला, “व्यवस्था उत्तम. श्रीमती सुगंधा यांचे विशेष कौतुक.” बिचाऱ्यांनी तीसही मशीनवर तेच नाव वाचलं होतं.

“दोन्ही रांगा चालल्या की,” सुबोध सर डोकं खाजवत म्हणाले. “मग चावीचं काय करायचं?”

“तिच्याकडेच राहू दे, सर,” सुगंधा म्हणाली.

पण नंदानं कमरेचा आकडा आधीच सोडवला होता. तिनं चावी टेबलावर ठेवली, सुगंधाच्या हातात दिली नाही. “वरचं कुलूप जरा डावीकडे दाबून फिरवायचं,” ती म्हणाली. “नाहीतर अडकतं.”

तळघरातल्या स्टोअरमध्ये कॅरमच्या सोंगट्या एका गोणीत होत्या, शटलकॉक आणि बुद्धिबळाच्या घोड्यांसकट. चौथ्या दिवशी दुपारी सुगंधा डबा घेऊन खाली आली. नंदा जमिनीवर बसून प्लास्टिकच्या बरण्या भरत होती.

“काळ्या-पांढऱ्या वेगळ्या केल्यास?” सुगंधा म्हणाली. “अगं, खेळायला एकत्रच लागतात त्या.”

“खेळताना लागतात,” नंदा वर न बघता म्हणाली. “इथे भांडतात.”

सुगंधानं डबा उघडून मधे ठेवला. नंदानं आधी हातातली चिठ्ठी बरणीवर लावली आणि चारही कोपरे अंगठ्यानं नीट दाबले. चिठ्ठीवर ‘काळ्या’ असं होतं, तारीख होती, आणि खाली, जरा मोठ्या अक्षरात, ‘नंदा’.