ओळ कुणाची

"ताई, एवढी एक कमांड देऊन टाका ना. दुवा देतील लोक तुम्हाला," साहेब हसत म्हणाले.

"नाही जमायचं," ताई म्हणाल्या.

टेबलाभोवतीचे चौघे एकमेकांकडे बघू लागले. ताई कधी कुणाला नाही म्हणत नसत. तेवीस वर्षं खालमानेनं काम केलेली बाई; तिचा डबासुद्धा आवाज न करता उघडायचा. लिफ्टसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या कंपनीत कुणी काय, कधी बदललं याची नोंद ठेवणारी स्वतःची व्यवस्था तयार होत होती, आणि तिच्यातल्या कमिटच्या कमांड ठरवायचं काम ताईंकडे होतं. कमिट म्हणजे आपण केलेला बदल नावानिशी आणि कारणासकट नोंदवणं. तीन आठवडे ताई त्यातल्या एकेका शब्दाचा कीस काढत होत्या.

साहेबांना हवी होती जुनी नोंद मागाहून बदलायची कमांड. मजकूर, तारीख, नाव, सगळंच.

"स्वतःच्या मशीनवर आहे तोवर हवं तेवढं खोडा," ताई म्हणाल्या. "पण एकदा नोंद सगळ्यांच्यात गेली की ती तशीच राहणार. चुकलं असेल तर खाली नवी नोंद करायची, की मागचं चुकलं, हे बरोबर."

"अहो, ग्राहक तपासायला येतात. त्यांच्यासमोर आपलीच लक्तरं कशाला टांगायची?"

ताईंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, मास्तर आठवतात?"

आठवत होते. शाळेतल्यासारखी सगळ्यांची कामं तपासायचे म्हणून त्यांना मास्तर म्हणत. बावीस वर्षांपूर्वी प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत एक म्हातारी चार तास एकटी बसून होती. तेव्हा सगळ्या फाइली एकाच मशीनवर असत. शेवटी जो सेव्ह करील, त्याचं नाव फाइलला लागे. नाव निघालं मास्तरांचं.

"त्यांनी फक्त एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलं होतं," ताई म्हणाल्या. "चुकलेली ओळ माझी होती."



"मग तेव्हा का नाही बोललात?" साहेबांनी विचारलं.

"नोकरीत कायम होण्याचं पत्र महिन्यावर आलं होतं. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले. तेवढ्यात त्यांनी राजीनामा दिला."

साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मास्तरांवर ठपका ठेवणारा अहवाल त्यांनीच लिहिला होता.

"राहू दे ती कमांड," शेवटी ते म्हणाले.

ताईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चार परक्या माणसांना सांगून झालं, पण ज्याला सांगायला हवं होतं तो राहिलाच होता. मास्तरांचा पत्ता त्यांना पाठ होता. आजवर दोनदा त्या जिन्यापर्यंत जाऊन परत फिरल्या होत्या.

दार मास्तरांनीच उघडलं. केस पार पांढरे झाले होते, बोटांना लाल शाई. आता ते घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत.

"अगं, तू?"

ताईंनी उभ्याउभ्याच, एका दमात सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं मला," मास्तर म्हणाले. "प्रोग्रॅम लिहिताना बरोबरच्या चिन्हानंतर तू कधी जागा सोडायची नाहीस. ओळ बघताक्षणी कळलं कुणाची ते."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"वाटलं, तू सांगशील. महिनाभर वाट पाहिली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ताईंना धड रडताही येईना.

"आणि आजच कशी आलीस?"

ताईंनी कमांडची हकीकत सांगितली. मास्तर डोळे बारीक करून ऐकत होते, कुणाचं काम तपासायला घेतल्यासारखे.

"दुरुस्तीच्या नोंदीत मागच्या नोंदीचा क्रमांक येतो ना? नाहीतर माणूस शोधणार कुठे?"

"येतो."

"हं."

मास्तरांनी दुसऱ्या खुर्चीवरचा मुद्रितांचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला. "बैस. पाणी आणतो," म्हणाले आणि आत गेले.

ताई बसल्या. आत नळ सुरू झाला, आणि एका पेल्याला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ वाहत राहिला.