भिंतीवरचा हात

तिसऱ्या अंकात गाता गाता नायिका थबकते, उजवा हात भिंतीला टेकते आणि पाच मात्रा गप्प उभी राहते. याच जागेमुळे दिग्दर्शक ओत्तावियो स्बिसा यांचं नाव झालं. बावीस वर्षांत इटलीतल्या त्रिएस्ते शहरात हा ऑपेरा जितक्यांदा उभा राहिला, तितक्यांदा नव्या गायिकेनं त्यांच्या वहीत बघून तोच हात तिथंच टेकला. गायिकांना पोशाख चढवणं, टाके घालणं हे माझं काम, म्हणून मी सगळ्याजणी पाहिल्या.

काल तालमीत जिनेव्रा नावाच्या नव्या पोरीनं सरळ विचारलं, "माएस्त्रो, इथं तिच्या मनात काय चालू असतं?"

म्हाताऱ्या स्बिसांनी चष्मा पुसला. "एकटेपण, बाळ. भिंतीशिवाय तिला कुणी नाही."

माझं डोकंच फिरलं. तोंडातल्या टाचण्या काढून मी म्हटलं, "कसलं एकटेपण! पहिल्या प्रयोगात नायिका झालेल्या मिरेल्लाला घेरी आली होती. भिंतीला धरून ती मला शोधत होती."

"नेरीना, तू आपली शिवण बघ."

"बावीस वर्षं तेच करतेय!"

जिनेव्रा माझ्याकडे वळली. "मग मावशी, तुम्ही कुठं होता?"

"भिंतीमागंच. पडदा पाडा म्हणून ओरडणार, तेवढ्यात यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, 'थांब, काय सुंदर दिसतंय!' तिनं गाणं पुरं केलं, आणि महिन्याभरात वारली."

माएस्त्रोंनी मान खाली घातली. मला वाटलं, जिंकले.

जिनेव्रा मात्र माझ्याकडेच बघत होती. तिनं हळूच विचारलं, "आणि तुम्ही थांबलात?"