मूळ सापडत नाही

"यातला आपला माणूस कुठला?" तिने विचारले.

"तो काय, पडद्यावर पाठमोरा उभा आहे तो."

"आणि त्याला चालवायचं कसं?"

मी बटणे दाखवली. ती पुढे सरकून बघत होती. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत लेकीचे कंपनीचे ओळखपत्र. ते दाखवूनच तिने खाली रखवालदाराकडून आत यायची परवानगी मिळवली होती. रखवालदाराने तिला माझ्याकडे धाडले, कारण या इमारतीत पांढऱ्या केसांचा मी एकटाच आहे. म्हाताऱ्यांचे म्हाताऱ्याने बघावे, एवढाच त्याचा हिशेब.

खरे तर मला हा माणूस धड चालवता येत नाही. व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या या कंपनीत मला सहा वर्षे झाली, तरी पहिल्याच पुलावरून माझा माणूस नदीत पडतो. पण माझे काम खेळायचे नाहीच. माझे काम चोऱ्या पकडायचे.

चित्रे काढणाऱ्या पोरांना एक खोड असते. गेममध्ये कुठेतरी आपल्या आवडीचे काहीबाही लपवून ठेवायचे. दारूच्या पिंपावर जुन्या नाटकातले वाक्य, खोगिरावर एखाद्या कादंबरीतल्या नायिकेचे नाव, राजवाड्याच्या भिंतीवर प्रसिद्ध चित्राची उलटी नक्कल. खेळणाऱ्यांना ते शोधायला मजा येते. पण ते कुणाच्या मालकीचे निघाले, तर कंपनी कोर्टात उभी राहते. म्हणून त्यांना भरपूर वाचलेला माणूस हवा होता. मी सत्तावीस वर्षे ग्रंथपाल होतो. ग्रंथालय बंद झाले, पुस्तके ट्रकमध्ये गेली आणि मी इथे आलो.

माझी एक वही आहे. कुठे, काय आणि मूळ, असे तीन रकाने. मूळ सापडले आणि ते फार जुने असले, तर राहू द्यायचे. कुणाच्या हक्काचे असले, तर काढायचे. मूळ सापडलेच नाही, तर चित्रविभागाला चिठ्ठी पाठवायची. आठ दिवसांत उत्तर आले नाही, तर तेही काढायचे. सहा वर्षांत ‘मूळ सापडत नाही’ असा शेरा मी एकदाच लिहिला होता. या गोष्टीचा मला गर्व होता, उगाच कशाला लपवू?

"माझी लेक इथं घरं काढायची," ती म्हणाली. "घरं, दारं, खिडक्या. तुम्ही ओळखत असाल."

ओळखत होतो. चहाच्या यंत्रापाशी ती मला छळायची. "काका, आमचं एखादं तरी सोडत जा हो." मी म्हणायचो, "चोराला सोडलं तर माझा पगार कोण देईल?" त्यावर ती एकदा म्हणाली होती, "सगळीच चोरी नसते, काका." मी हसून कप विसळायला गेलो होतो.

चार महिन्यांपूर्वी ती तापाने गेली. सव्वीस वर्षांची होती.

"मी दवाखान्यात आया आहे," तिची आई सांगू लागली. "आज सुट्टी होती, म्हणून आले. तिनं मला सांगून ठेवलं होतं, आई, गेम बाहेर येऊ दे, मग तुला गंमत दाखवते. जळक्या गावात तिसरं घर. त्या घराच्या दाराला आतून तुझं अक्षर आहे, म्हणाली. आता गेम तर आला. दुकानात विचारलं, तर तो पोरगा म्हणाला, मावशी, तिथपर्यंत पोचायला आठवडा लागेल. म्हटलं, जिथं बनतं तिथंच जाऊ."

जळके गाव, तिसरे घर.

ते दार मला तोंडपाठ होते. सैनिक गाव जाळत येतात आणि आपला माणूस त्या घरात लपतो. दार लावले की आतल्या बाजूला खडूने लिहिलेल्या तीन ओळी दिसायच्या.

कडी लाव.
दिवा राहू दे.
मी येतेच आहे.

अक्षर वाकडेतिकडे, शेवटचा शब्द खाली घसरलेला. मला ती कविता वाटली. तीन ओळींत एवढे भय आणि एवढी माया आणणारा कवी कोण, म्हणून मी चार दिवस संग्रह चाळले. जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. काही म्हणता काही सापडेना. नियमाप्रमाणे चित्रविभागाला चिठ्ठी पाठवली. उत्तर आले नाही. नवव्या दिवशी तिसऱ्या रकान्यात शेरा लिहिला, आणि त्या ओळी दारावरून पुसल्या गेल्या.

चिठ्ठीचे उत्तर जिने द्यायचे, ती तेव्हा तापाने फणफणत खाटेवर पडली होती. चित्रविभाग माझ्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर आहे. जिना चढून "हे दार कुणी काढलं रे?" एवढे विचारले असते, तर शेजारच्या पोरानेही सांगितले असते. मी गेलो नाही. ज्याने उभी हयात लोकांना उत्तरे दिली, त्याने पोरांना प्रश्न विचारायचा म्हणजे नाक खाली. हे नाक मला नडले.

मी जळक्या गावाचा भाग थेट उघडला. आम्हाला तशी सोय असते. पण त्या दिवशी मी मुद्दाम माणसाला लांबून चालवत आणले. विहिरीला वळसा घातला, एकदा उगाच गोठ्यात नेला.

"ते का?" तिने बोट दाखवले. "तेच ना तिसरं?"

"हो."

माणूस आत शिरला. दार लागले.

"अगं बाई," ती म्हणाली. "ही आमची कडी आहे! बघा, खालचा खिळा निघालेला. किती वर्षं म्हणते, ठोकून घेऊ..."

कडीबद्दल मी काही लिहिले नव्हते. म्हणून कडी राहिली होती. तिच्यावरची फळी मात्र स्वच्छ, नव्यासारखी. ती डोळे बारीक करून फळीवर शोधत होती. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

"कुठंय हो?"

खोटे बोलता आले असते. दुसऱ्या कुणीतरी काढले, चुकून गेले, मशीनने खाल्ले. ती बिचारी मान हलवून निघून गेली असती.

"ताई, मी काढायला लावलं," मी म्हणालो. "मला ती कुणाचीतरी कविता वाटली. कुणाची ते सापडेना, म्हणून काढलं."

"कविता?" ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, रात्रपाळीला जाताना मी लिहून जायचे ते. ती सात वर्षांची होती, घरात दुसरं कोणी नाही. रोज खडूनं लिहायचे. येतेच आहे म्हणायचे, आणि यायचे सकाळी सातला."

तिने फळीकडे बोट केले.

"परत नाही का लिहिता यायचं?"

"नाही. गेम विकायला गेला, आता त्याला हात लावू देत नाहीत. जुनी चित्रंही ठेवत नाहीत."

फळीकडे बघतच ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी तिनं वरच्या वॉर्डातून निरोप धाडला होता, आईला बोलवा. मी खाली बाळंतिणींकडे होते. ड्युटी संपायला वीस मिनिटं राहिली होती. म्हटलं, येतेच म्हणून सांगा." ओळखपत्राची दोरी तिने बोटाला गुंडाळली, सोडली. "तुमचं एकट्याचं काय घेऊन बसलात, साहेब."

ती रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरे झाले असते. मेल्याहून मेल्यासारखे होणे म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळले.

माझ्याजवळ एकच गोष्ट होती. मी वही काढली आणि ते पान तिच्यासमोर धरले. कुठे: जळके गाव, तिसरे घर, दार, आतून. काय: त्या तीन ओळी, माझ्या अक्षरात, ग्रंथालयातल्या कार्डांवर लिहायचो तशा सरळ आणि ठसठशीत.

तिने ओठ हलवत वाचल्या. तिसऱ्या रकान्यापाशी थांबली, तेही वाचले. मग हलकेच पानावरून हात फिरवला.

"अक्षर चांगलं आहे हो तुमचं," ती म्हणाली.

तिने वही मिटून परत दिली. पान फाडून देऊ का, असे मी विचारले, तर नको म्हणाली.

"ही कडी लागते का?"

"नाही, ताई. नुसतं चित्र आहे."

"असू दे. थोडा वेळ बसले तर चालेल? तुमचं काम असेल ना?"

"बसा."

बटण दाबले नाही, तर दोन मिनिटांनी हा गेम आपोआप बंद होतो आणि पडदा काळा पडतो. म्हणून मी मधूनमधून बटण दाबत राहिलो. दर वेळी माणूस एक पाऊल पुढे टाकायचा, दाराला धडकायचा आणि तिथेच उभा राहायचा. मी पुन्हा दाबायचो. ती पिशवी पोटाशी धरून कडीकडे बघत बसली होती.