विचारपूस

यशोधरानं गोधडी इतक्या जोरात झटकली, की ओट्यावर केस विंचरत बसलेल्या बन्सीला शिंकच आली.

"कुनाच्या लग्नाला चाललाय?" तिनं विचारलं.

"दया मॅडम यायच्यात आज."

"म्हाईत हाय."

काष्टीचा आठवडी बाजार भरला, की दयाची स्कुटी दारात येणार हे ठरलेलंच. गल्लीत सगळे तिला बचत गटाची मॅडम समजत. खरं काय ते नवरा-बायकोलाच ठाऊक. एचआयव्हीच्या गोळ्या दोघांनाही चालू होत्या. नगरच्या सरकारी दवाखान्यातून आणायच्या आणि जन्मभर घ्यायच्या. यशोधरा गुमान घेत आली. टेम्पोवर जाणाऱ्या बन्सीनं मात्र दोनदा मध्येच सोडल्या, आणि दुसऱ्या खेपेला तो पार अंथरुणाला खिळला. तेव्हापासून नगरच्या एका संस्थेनं दयाला त्याच्या मागं लावून दिलं होतं.

दया आली, जयभीम म्हणाली आणि ओट्यावर टेकली. लांबचं भाडं असलं की गोळ्यांची डबी बरोबर नेता ना, जेवण जातं ना, मळमळतं का, असं एकेक विचारत राहिली. बन्सी शाळेतल्या पोरासारखा उत्तरं देत होता. मध्येच कशावरून तरी दोघं हसली. बायकोनं गोळी पुढं केली तर खेकसणारा माणूस इथं कसा लोण्यासारखा मऊ झालेला! चौकटीला टेकून यशोधरा दयाच्या केसांतला पिवळा चाप बघत राहिली.

"ताई, तुमचं बरंय ना?" निघताना दयानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हेल्मेट चढवलं. "तुमची काळजीच नाही बघा. तुम्ही आमच्या हुशार पेशंट!"

स्कुटी वळणाआड गेली तशी शेजारच्या बनुबाई कुडाच्या पलीकडून म्हणाल्या, "गट बायांचा, आन् बोलनं बाप्याशीच व्हय गं?"

यशोधरानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण त्या दिवशी भाकरी थापताना तिचा हात परातीवर नको तेवढ्या जोरात पडत होता.

पुढं गोळ्या आणायची तारीख आली. बन्सी टेम्पो घेऊन नगरलाच निघाला होता.

"चल की संगं."

"डोकं दुखतंय. माझं मी जाईन नंतर."

ती गेली नाही. डबी रिकामी झाली, तरी गेली नाही. औषधात खंड पडला तर ते अंगाला लागू पडेनासं होतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आठवलं की ती रिकामी डबी पुन्हा उघडून बघे. तरी लुगडी वाळत घालताना, भांडी घासताना तिचा कान रस्त्याकडं लागलेला असे.

एका सकाळी बन्सी मोबाईल घेऊन आत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम हायेत. तुला मागत्यात." मग हळूच, "दवाखान्यात तुझी नोंद न्हाई म्हनत्यात. तू औषध आनलं न्हाईस?"

"न्हाई."

तिनं फोन हातात घेतला नाही.

दुसऱ्याच दिवशी दया आली. बाजाराचा दिवस नव्हता. बन्सी गडबडीनं उठून ओटा झटकायला लागला.

"बन्सीभाऊ, तुमचं नंतर," असं म्हणून ती सरळ घरात शिरली.

यशोधरानं तिच्या पाठोपाठ दार लोटून घेतलं. फटीतून बन्सी दिसत होता, फडकं हातात धरून ताटकळत उभा. तिला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

"ताई, तुम्ही का सोडल्या? तुम्ही तर आमच्या..."

"हुशार पेशंट," यशोधरा म्हणाली.

हेल्मेट बाजूला ठेवून दया जमिनीवरच बसली.

"त्यांनी सोडलं तवा तुमी आलात," यशोधरा म्हणाली. "दर बाजाराला आलात. मी कदी चुकवलं न्हाई, तर मला कोन इचारतंय?"

दयानं मान खाली घातली. मग म्हणाली, "आत्ता विचारते. गोळीचा काय त्रास होतो तुम्हाला?"

भांडायला यशोधरापाशी पुष्कळ शब्द होते. याचं उत्तर मात्र तयार नव्हतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"झोप लागत न्हाई," अखेर ती म्हणाली. "दोन वरसं झाली."

"दोन वर्षं! अहो, डॉक्टरांना सांगितलं तर वेळ बदलून देतात गोळीची. मग रात्रभर करता काय?"

"पडून ऱ्हाती. ह्यांचा श्वास चाललाय का ऐकत."

दाराबाहेर चपलांची चाललेली चुळबुळ थांबली.

दयानं डोळे पुसले. "उद्या पहिल्या एसटीनं या. मी नगरच्या स्टँडवर थांबते. दोघी मिळून डॉक्टरांकडं जाऊ."

"टेम्पो हाय की," बाहेरून बन्सीचा घोगरा आवाज आला. "मी नेतो तिला."

"न्हाई," यशोधरा दाराकडं न बघताच म्हणाली. "मी एस्टीनंच जानार. मॅडम माझ्यासाठी थांबनार हायेत."