एकाच मापाचे डगले

आमच्या गावात वजनकाटा एकच, तोही ऑलिव्हच्या घाण्यावर, आणि त्यावर पोत्यांखेरीज दुसरं काही चढलेलं घाणेवाल्याला खपत नाही. तरी त्या हिवाळ्याच्या तोंडावर मी माझा सबंध वर्ग डोंगर उतरून तिथं नेला, कारण मला एकाच मुलीचं वजन करायचं होतं आणि ते तिला कळू द्यायचं नव्हतं.

विदाद उन्हाळ्यापासून झिजत चालली होती. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली आणि 'काही नाही, नीट खायला घाला' म्हणून परत पाठवलं. तिची आई मोंजिया रोज पहाटे सातूचं पीठ तेलात कालवून तिला भरवायची आणि दुपारी शाळेच्या दारात मला गाठून विचारायची, "बाई, भाकरी खाल्ली का हो तिनं?" मी हो म्हणायची. मोंजियाची आधीची दोन लेकरं टेकडीवरच्या कबरस्तानात आहेत, तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

म्हणून संख्याशास्त्राचा धडा मी पुढे ओढला. सगळ्यांची वजनं घ्यायची, सगळ्यांच्या उंच्या मोजायच्या, म्हणजे कुणा एकीकडे बोट जायला नको. पोरांना सहल झाली. लसअद काट्यावर चढला तेव्हा घाणेवाला ओरडला, "ए बाई, याला दोन हप्त्यांत चढवा, काटा मोडेल माझा!" आणि सगळ्यांत जोरात लसअदच हसला. विदाद चढली तेव्हा काटा कुरकुरलाही नाही. मी आकडा वाचला आणि मान वळवून घाण्याच्या दगडाकडे बघत राहिले.

वर्गात परतल्यावर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा केल्या. सगळ्यांत वरची खूण घाझीची, आमच्या उंटाची. भिंतीवर मोठा कागद लावून प्रत्येकाच्या वजन-उंचीचा एक ठिपका काढला. सांडलेल्या मसुरीसारखे ते कागदभर विखुरले. मग सरासरी काढली, आणि तिथं लाल खडूची फुली मारली. फुलीच्या जागी एकही ठिपका नव्हता.

"म्हणजे सरासरी मुलगा आपल्यात नाहीच?" घाझीनं विचारलं.

"नाही. तो कुणीच नसतो," मी म्हणाले, आणि आपण फार छान शिकवलं असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका भल्या कापडवाल्यानं वर्गाच्या डगल्यांसाठी निळं कापड पाठवलं. मब्रूका मावशी शिवणार होती. तिनं मापं विचारली, तेव्हा माझ्या डोक्यात धडाच घोळत होता. मी तिला सरासरी सांगितली आणि पुढचं सांगायचं राहून गेलं. पंधरवड्यानं मावशीनं गाठोडं सोडलं तर सगळे डगले एकाच मापाचे.

"अगं मावशे, हे काय केलंस?"

"तूच म्हणालीस, सगळ्यांचं मिळून हे माप," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एवढी शिकलेली बाई सांगते, तर मी कशाला तोंड उघडू? आणि फातिन, कापड संपलंय. आता तुझ्या पदरचे पैसे घालून नवे शिवायचे झाले तर सांग."

तर तेच घातले. लसअदची बटणं लागेनात, घाझीचे हात कोपरापर्यंत उघडे, आणि विदादचा डगला खुंटीवर टांगावा तसा तिच्या खांद्यांवर लोंबे. पोरं हसून हसून बेजार झाली. तीही हसली, पुष्कळ दिवसांनी.

बर्फ पडायला लागलं तेव्हा लसअदची बटणं लागली. मला बरं वाटलं, डोंगर चढून येतो, उतरलं असेल अंग. मग एके दिवशी विदाद फळ्यावर लिहीत होती आणि तिची बोटं बाहीतून बाहेर आलेली मला दिसली. मनगटही दिसलं, भरलेलं. त्या दुपारी मोंजियानं विचारलं, "बाई, भाकरी खाल्ली का हो?" आणि मी हो म्हणाले, अगदी खरं हो. देवाचे आभार मानायला मला फारसं सुचत नाही, पण त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून मी ते मोठ्यानं मानले.

मोंजियाचं तर काय सांगावं! "रात्री दोनदा जेवण मागते हो," ती म्हणाली. "आणि तो डगला काही केल्या काढत नाही. त्यातच झोपते. तुमच्या हातचा गुण आहे, बाई." लसअदच्या आईनं अंडी पाठवली. प्रत्येक घरातून कुणी ना कुणी येऊन माझा हात हातात घेई. लेकरू सुधारलं, शहाणं झालं, आता त्रास देत नाही, असंच सगळ्यांचं म्हणणं.

हिवाळा सरताना आम्ही पुन्हा घाण्यावर गेलो. सरासरी काढली ती विदादनंच. "बाई, तीच आली," ती म्हणाली. मला वाटलं, गणित चुकली. पोरं सबंध हिवाळाभर वाढलेली, सरासरीनं थोडं तरी वर सरकायला हवं होतं. मी स्वतः मांडून पाहिलं. तसूभर हलली नव्हती. मग पोरांनी नवे ठिपके काढले. कागदभर विखुरलेली मसूर मध्याकडे सरकली होती, जणू कुणी तळहातानं लोटत आणली होती.

मी घाझीला चौकटीशी उभं केलं. त्याचं डोकं त्याच्या जुन्या खुणेच्या खाली होतं.

"ताठ उभा राहा रे."

"ताठच आहे, बाई."

त्याच्या टाचा चौकटीला टेकलेल्या होत्या. बाह्या मनगटापर्यंत येत होत्या. पूर्वी या पोराला गप्प बसवताना माझा घसा बसायचा. आता तो हात मागे बांधून, पुढचं विचारण्याची वाट बघत उभा होता.

त्या दिवशी सगळ्यांचे डगले गोळा करून चुलीत घालावेत असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. मी घाझीच्या गळ्याजवळच्या बटणाला हातही घातला. मग बाकावर बसलेली विदाद दिसली. ती भाकरी खात होती, हरिसाची लाल तिखट चटणी लावून, बोटं चाटत. काट्यावरचा तिचा तो पहिला आकडा मला आठवला. मी घाझीचं सुटलेलं बटण पुन्हा लावलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला जागेवर जायला सांगितलं. चौकटीवरच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसून टाकल्या.

बदाम फुलले तेव्हा कागदावर फुली तेवढी उरली होती. ठिपके सगळे तिच्याखाली गेले होते. वर्ग शांत, सुरेख चालला होता. शाळा सुटायच्या वेळी पोरं दारात माझ्यामागे ओळीनं उभी राहायची, निळे डगले, लोकरीच्या टोप्या, एकसारखे खांदे.

सत्राच्या शेवटच्या दिवशी मोंजिया तेलाची बरणी घेऊन आली. यंदाचं पहिलं तेल, तिनं माझ्यासाठी राखून ठेवलेलं. तिनं माझ्या दोन्ही खांद्यांचं चुंबन घेतलं. "माझं लेकरू तुम्ही मला परत दिलंत," एवढंच म्हणाली. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. ओळीतलं एक मूल पुढे झालं, तिनं त्याची टोपी नीट केली, गालावर ओठ टेकवले, आणि दोघं हातात हात घालून उतार उतरायला लागली. मोंजिया गात होती. लग्नानंतर तिला गाताना गावात कुणी ऐकलं नव्हतं. बरणी उराशी धरून मी ती दोघं वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले, आणि मनात म्हणत राहिले, बरं झालं, फार बरं झालं.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझी बाही ओढली.

"बाई," विदादनं विचारलं, "माझी आई अजून आली नाही का?"