शेवटचा परिच्छेद

किर्स्टननी पेन्सिलीने शेवटच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली आणि कागद टेबलावरून करुणाकडे सरकवला.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या.

करुणा फिजिओथेरपिस्ट होती; किर्स्टनच्या गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायला केलीव्हिलच्या या घरी येत असे. एकदा बोलता बोलता आपण कथा लिहितो असं तिच्या तोंडून निघून गेलं. समोरच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई डेन्मार्कच्या संसदेत होत्या, त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या होत्या, आणि कोपनहेगनच्या एका दैनिकातल्या त्यांच्या परीक्षणांना तिथले लेखक वचकून असत, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. नवरा गेल्यावर त्या मुलाकडे, मॅग्नुसकडे, सिडनीला राहायला आल्या होत्या.

कथा सिडनीतल्याच हॅरिस पार्कमधल्या एका फ्लॅटची होती. शिकायला आलेल्या चार मराठी मुली. एकीची जात बाकीच्यांना कळते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा कुकर आणि तिची ताटं ओट्याच्या वेगळ्या कोपऱ्यात जातात. शेवटी तिच्या वाढदिवसाला सगळ्या रडतात, माफी मागतात आणि एकत्र जेवायला बसतात.

"असं झालं होतं?" किर्स्टननी विचारलं.

"नाही."

"मग काय झालं?"

"मी सामान उचललं आणि वेंटवर्थव्हिलला खोली घेतली. त्या खाली टॅक्सीपर्यंत आल्या सोडायला. खूप छान वागायच्या हो माझ्याशी. तेच तर..." करुणा थांबली.

"मग हे रडणं कोणासाठी लिहिलंस?"

इथे वाढलेल्या मुलांना वाचता यावा म्हणून मराठी मंडळ इंग्रजीत एक कथासंग्रह काढत होतं; कथा त्यासाठी होती. करुणाने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "चला, पाय उचला. दहा वेळा."

नवा शेवट तिने मंडळाला पाठवला आणि इकडे किर्स्टनच्या घरात कुरबुर सुरू झाली. मंडळाची सेक्रेटरी किर्स्टनची सूनच होती, चित्रलेखा. प्रकाशनाला किर्स्टनना बोलवायची कल्पनाही तिचीच.

"तो शेवट कमिटीला नकोय," भाजी चिरता चिरता ती म्हणाली. "मुलं वाचणार आहेत. उद्या विहान मला विचारेल, व्हॉट इज धिस, आई? मी काय सांगू त्याला?"

"जे आहे ते."

"इथे कुठे आहे ते आता? उगाच जुनं उकरून काढायचं. तुम्ही फक्त रिबन सोडा, दोन चांगले शब्द बोला. प्लीज. एकदाच."

किर्स्टननी चष्मा काढून पुसला.

"आमचा पक्षाध्यक्षही हेच म्हणाला होता. निर्वासितांना परत धाडायचा कायदा होता. एकदाच बाजूने मत दे, पुढचं पुढे बघू."

"मग?"

"विरोधात दिलं. पुढच्या निवडणुकीत मला उभंच केलं नाही. मग त्याचं आत्मचरित्र आलं आणि वर्तमानपत्राने ते परीक्षणासाठी माझ्याकडेच पाठवलं. पुस्तक चांगलं होतं, मी चांगलं लिहिलं. त्याचा त्याला जास्त राग आला."

चित्रलेखाला हसू आलं, पण तिने ते दाबलं आणि सुरी पुन्हा उचलली.

प्रकाशन रविवारी दुपारी होतं. हॉल भरला होता. अध्यक्ष दत्ताकाकांनी किर्स्टनचा परिचय करून दिला, टाळ्या झाल्या. किर्स्टन काठी टेकत माईकपाशी आल्या. त्यांनी रिबन सोडली, पुस्तक उघडलं आणि करुणाची कथा काढून शेवटचं पान मनातल्या मनात वाचलं. लोक वाट पाहत राहिले.

"या कथेचा शेवट लेखिकेने बदलला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही जुनाच छापला आहे. तिला विचारलंत?"

दत्ताकाका हसत पुढे झाले. "मॅडम, वेळ थोडा कमी आहे, तर..."

"मग मी लवकर आटपते. हे पुस्तक मी प्रकाशित करणार नाही." त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "लेखिका इथे बसलेली आहे. तिला बोलायचं असेल तर माझा उरलेला वेळ तिचा. नसेल, तर तोही तिचा हक्क."

माना वळल्या. करुणाच्या ओळखीतली निम्मी माणसं या हॉलमध्ये होती. तिच्याकडे दुखरी पाठ आणि खांदे दाखवायला येणारी, तिच्या मुलीला क्लासला नेणारी. ती उठली.

"करुणा, अगं, चहाच्या वेळी बोलू ना आपण," दत्ताकाका खालच्या आवाजात म्हणाले.

"नाही काका. आत्ताच."

ती माईकसमोर उभी राहिली. हातात कागद नव्हता. तिने इंग्रजीत सुरुवात केली, दोन वाक्यांवर अडली, आणि मग मराठीत बोलू लागली.

किर्स्टनना एक अक्षरही कळत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तोलत आलेल्या त्या आता नुसते चेहरे बघत बसल्या. पुढच्या रांगेतल्या बाई आपल्या बांगड्यांकडे पाहत होत्या. एक जोडपं उठून बाहेर गेलं. करुणाचा आवाज एका जागी कापला, पण ती थांबली नाही, आणि नंतर तो कापला नाही. तिचं बोलणं संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या भिंतीपाशी बसलेले एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले, आणि ती खाली उतरून दारातून बाहेर पडेपर्यंत तसेच उभे होते.

परतताना गाडी चित्रलेखा चालवत होती.

"माझं सेक्रेटरीपद गेलं," चित्रलेखा म्हणाली.

"बहुतेक गेलं."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. पण आधी मला सांग, ती काय बोलली? मला काही कळलं नाही. सगळं सांग."

"आत्ता?"

"आत्ता."

चित्रलेखाने सिग्नलला गाडी थांबवली. नजर समोर ठेवून ती एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागली.

"ती म्हणाली, त्या मुली वाईट नव्हत्या. परीक्षेच्या आधी नोट्स द्यायच्या. ताप आला तेव्हा एक जण रात्रभर उशाशी बसली होती. नोकरी लागली तेव्हा सगळ्यात मोठ्याने त्याच ओरडल्या. फक्त पाणी प्यायला..."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. चित्रलेखाचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"फक्त तिचा पेला आम्ही खिडकीत ठेवायचो," ती म्हणाली.

मागून पुन्हा हॉर्न वाजला. तिने गाडी पुढे घेतली.

किर्स्टननी तो 'आम्ही' दुरुस्त केला नाही.

"पुढे सांग," त्या म्हणाल्या.